दगडावर आडनाव का नाही?



एका रविवारी सकाळी आमच्या घरी एक कुटुंब आले. वडील गोदीत कामाला, आई घरी शिवणकाम करते, मुलगा सातवीत. मुलगा गप्प गप्प होता. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग वडिलांनी विषय काढला. शाळेतल्या बाईंनी 'माझ्या आडनावाची माहिती' लिहून आणायला सांगितले होते. त्यावर वर्गातला एक मुलगा याला म्हणाला, "तुमच्यात आडनावं नव्हतीच. तुम्ही आमचीच घेतलीत."

बापाच्या काळजाला ही गोष्ट लागली. त्याने एक खाडा केला आणि मुलाला घेऊन थेट भीमा कोरेगाव गाठले. "चल, आपलं नाव दगडावर कोरलेलं दाखवतो तुला." बापलेक तासभर स्तंभाभोवती फिरले. एकेक ओळ वाचली. आडनाव सापडले नाही. परतीच्या एसटीत मुलगा म्हणाला, "पप्पा, आपलं नाव नाहीच ना तिथं?"

वडील आम्हाला विचारत होते, "आता याला काय सांगायचं?"

आडनाव छापू नका असे त्यांनी सांगितले आहे, म्हणून आम्ही ते छापत नाही. पण हा प्रश्न त्या एका घराचा नाही. आपल्या कितीतरी घरांतली पोरे आज ना उद्या तो विचारणार आहेत. म्हणून त्या मुलाला जे सांगितले तेच आज सर्वांसाठी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, त्या दगडावर काय आहे ते नीट पाहू. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगावात लढाई झाली. कंपनी सरकारच्या फौजेचा प्रमुख होता कॅप्टन स्टाँटन. आदल्या रात्री शिरूरहून निघालेली त्याची तुकडी साधारण आठशे माणसांची होती. समोर पेशव्यांची कितीतरी पटीने मोठी फौज. २६ मार्च १८२१ ला स्तंभाची पायाभरणी झाली. आज आपण ज्याला विजयस्तंभ म्हणतो तो हाच. तो नदीच्या अलीकडे, पेरणे गावच्या हद्दीत आहे. त्यावर इंग्रजीत आणि मराठीत मजकूर आहे आणि कंपनीच्या मारल्या गेलेल्या ४९ शिपायांची नावे आहेत.

या ४९ पैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. सोमनाक कमळनाक. रामनाक येसनाक. गणनाक बाळनाक. भागनाक हरनाक. रूपनाक लखनाक. ही आपली माणसे. 'नाक' ही त्या काळी महारांच्या नावाची ओळखच होती. बाकीची २७ नावे दुसऱ्या जातिधर्मांच्या शिपायांची आहेत. तीही आपण आदराने वाचावीत. बावीस म्हणजे बावीस. भाषणात आकडा फुगवून आपला मान वाढत नाही. दगडावर आहे तेवढे खरे सांगितले की ते कोणाला खोडता येत नाही.

आता त्या बावीस नावांकडे पुन्हा बघा. गणनाक बाळनाक म्हणजे बाळनाकाचा मुलगा गणनाक. पहिले नाव स्वतःचे, दुसरे बापाचे. पुढे आडनाव नाही. कोणाच्याच नाही! आज ज्यांची आडनावे कांबळे, गायकवाड, साळवे, मोरे, जाधव, सकपाळ अशी आहेत, त्यांच्यापैकी कोणाचा पूर्वज त्या बावीस जणांत असेलही. पण आडनाव शोधत जाल तर सापडणार नाही, कारण पलटणीच्या कारकुनाने ते लिहिलेच नव्हते. शिपाई भरती होताना आपले नाव आणि बापाचे नाव सांगत असे आणि तेच कागदावर चढे. कागदावरचे पुढे दगडावर गेले. बाप चुकीच्या ठिकाणी गेला नव्हता. तो चुकीची गोष्ट शोधत होता.

आम्ही त्या मुलाला विचारले, "तुझ्या आजोबांच्या वडिलांचं नाव काय?" त्याने बापाकडे पाहिले. बापाने छताकडे पाहिले. दोघांनाही ठाऊक नव्हते. तेव्हा आम्ही म्हटले, "मग दगड तरी तुम्हाला ओळख कशी देणार? तो आडनाव विचारत नाही, बापाचं नाव विचारतो."

मग आडनावे दगडावर कोणाची असतात? मुंबईच्या वाचकांना ते पाहायचे असेल तर कुलाब्याला नेव्ही नगरच्या रस्त्यावरचे अफगाण चर्च पाहावे. सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ ते बांधले आणि १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुले झाले. उंच मनोरा, रंगीत काचा, आत गारवा. वेदीजवळच्या भिंतींवर साहेब अधिकाऱ्यांची नावे आहेत. आणि साध्या शिपायांची? त्यांच्याविषयी तिथल्या लेखात सांगितले आहे की, ते इतके होते की त्यांची नावे नोंदवणे शक्य नाही. मेले फार, म्हणून नाव नाही!

फोर्टातले सेंट थॉमस कॅथीड्रल तर त्याहून जुने, १७१८ सालचे. तिथे नाविक अधिकारी हार्डिंज याच्यासारख्यांची संगमरवरी स्मारके आहेत. त्या साहेबांचे वारस आजही इंग्लंडहून येऊन भिंतीवर आपले आडनाव शोधू शकतात, कारण साहेबाचे आडनाव दगडावर कोरण्याची रीत होती आणि कोरून घेण्याइतका पैसाही होता. ज्याच्या घरी पैसा त्याचे नाव भिंतीवर, हा तिथला साधा नियम. बिगाऱ्याच्या, भिस्त्याच्या, साध्या शिपायाच्या बाजूने कोण बोलणार?

म्हणून कोरेगावच्या स्तंभाची किंमत कळते. तो कंपनी सरकारने उभारला तो स्वतःच्या विजयासाठी, आपल्या प्रेमापोटी नव्हे. हे विसरू नये. पण त्यावर साध्या शिपायाचे नाव त्याच्या बापाच्या नावासह कोरले गेले. ज्या माणसाची सावली गावात चालत नव्हती, त्याचे नाव दगडावर चालले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभाशी गेले ते यासाठी. लढाई कोणी जिंकली यापेक्षा, ज्यांना पळपुटे आणि नालायक ठरवले गेले ते रणात उभे राहिले होते याचा तो लेखी पुरावा होता.

आणि पुरावा लागत होताच. कारण ज्या सरकारने हा दगड उभारला त्याच सरकारने पुढे १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद केली. 'लढाऊ जाती' म्हणून काही जाती ठरवल्या गेल्या आणि आपली जात त्यात बसवली नाही. गोपाळबाबा वलंगकरांसारखे निवृत्त सैनिक त्याविरुद्ध उभे राहिले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. पोटासाठी होता हा झगडा, आणि मानासाठीही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो! पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजतागायत आहे. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर हाच कोरेगावचा स्तंभ होता.

पहिल्या महायुद्धातल्या माणसांची नावे कुठे शोधायची, असे पुष्कळ वाचक विचारतील. आपल्याकडे कोकणात, साताऱ्याकडे अनेक गावांत आजोबा-पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईला' गेल्याची गोष्ट सांगतात. त्यांच्यात बंदूकवाले होते तसेच हमाल, भिस्ती, साईस, स्वयंपाकी, सफाई कामगारही होते. त्या युद्धानंतर सरकारने काही गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके मेले, एवढेच त्यावर लिहिलेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण कामी आले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण अशा पाटीवर आकडा मिळतो, नाव मिळत नाही.

इराकमध्ये बसरा येथे मोठे युद्धस्मारक आहे. ज्यांची कबर सापडत नाही अशा ४०,००० हून अधिक लोकांसाठी ते उभारले. तिथे गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचे नाव कोरले, पण साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार फक्त आकडा लिहिला. कुलाब्याच्या चर्चमध्ये जे झाले तेच तिथे झाले! याउलट फ्रान्समधल्या नव्ह शापेल येथील स्मारकावर, १९२७ मध्ये त्याचे उद्घाटन झाले, ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची आणि मजुरांची नावे कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही १३,००० हून अधिक नावे आहेत. म्हणजे नावे कोरणे अशक्य नव्हते. करायचे की नाही, एवढाच प्रश्न होता.

ही स्मारके सांभाळणारी संस्था म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. २०२१ मध्ये तिनेच नेमलेल्या समितीने अहवाल दिला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन अशा किमान ४५,००० ते ५४,००० जणांना गोऱ्यांच्या बरोबरीची वागणूक स्मारकांत मिळाली नाही आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावाने नोंदच झाली नाही, किंवा मुळीच झाली नाही, असे त्या अहवालात आले. संस्थेने माफीही मागितली. शंभर वर्षांनी का होईना, कबूल केले.

आता उपयोगाची गोष्ट. या संस्थेच्या वेबसाइटवर मृत सैनिकांची नावे फुकट शोधता येतात. घरातल्या कॉलेजच्या मुलामुलींना हे काम सांगा. पण शोधताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आडनाव टाकून शोधू नका, नुसते पहिले नाव टाका. दोन, इंग्रज कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिले आहे, म्हणून स्पेलिंग दहा तऱ्हेने बदलून बघा. कोरेगावच्या दगडावर 'नाक' लिहिताना शेवटी 'के' नाही, 'सी' आहे. तीन, काही नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. तुमचे गाव दिसले की तिथे थांबा. तिथून धागा लागतो.

इथे कोणी म्हणेल, मग आपली आडनावे आली कुठून? त्या मुलाला वर्गात तेच तर ऐकावे लागले. याचे उत्तर बाबासाहेबांच्याच घरात आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. घराण्याचे कुळनाव सकपाळ. गाव आंबडवे, तालुका मंडणगड. कोकणच्या रिवाजाप्रमाणे गावावरून आंबडवेकर. आणि साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी नाव चढले ते 'भिवा रामजी आंबेडकर'. एका घराची दोन पिढ्यांत तीन आडनावे! जो कोणी फक्त 'आंबेडकर' शोधत मागे जाईल तो १९०० च्या आसपास भिंतीला डोके आपटून परत येईल. जो 'रामजी, मालोजींचा मुलगा, गाव आंबडवे' असे शोधेल तोच पुढे जाईल.

आपल्याकडे कुळनावे होती. ती लग्ने जुळवताना सांगितली जात. पण ती कागदावर चढवण्याची गरज गावगाड्याला नव्हती. गावाच्या लेखी माणूस 'अमुक बिन तमुक महार' एवढाच होता. शाळा, गिरणी, रेल्वे, गोदी, पलटण यांनी पुढे आडनाव विचारले. मग कोणी कुळनाव सांगितले, कोणी गावाला 'कर' लावले, कोणाचे नाव गिरणीतल्या मुकादमाने मस्टरवर जसे चढवले तसे राहिले. आडनाव कोणी कोणाकडून उसने घेत नसते. एकच कुळनाव पाच जातींत सापडते, ही महाराष्ट्राची रीत आहे. हे त्या मुलाने वर्गात ताठ मानेने सांगावे.

हे कागद कुठे मिळतात, ते आपल्या लोकांना सांगायला नको. जातपडताळणीसाठी चपला झिजवलेल्या प्रत्येक घराला कोतवाल बुकाची नक्कल आणि गाव नमुना १४ माहीत आहे. जन्ममृत्यूची ती जुनी नोंद, पुष्कळदा मोडीत लिहिलेली. दाखला मिळाला की आपण ती फायलीत टाकतो आणि विसरतो. तसे करू नका. ती नक्कल पुन्हा काढून वाचा. दाखल्यासाठी तुम्ही फक्त जातीचा शब्द शोधला होता. त्याच्याच शेजारी पणजोबाचे नाव आणि त्यांच्या वडिलांचे नाव लिहिलेले आहे! महार वतनाच्या जुन्या कागदांतही नावे सापडतात. १९५८ च्या कायद्याने वतने गेली, ते चांगलेच झाले. पण त्या कागदांतली नावे आपली आहेत, ती सोडू नका.

आणखी एक दगड आहे, तो या सर्वांहून जुना. लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे लेणे. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी दान देऊन ते कोरवून घेतले आणि दान देणाऱ्यांची नावे तिथेच कोरली. त्यांत श्रेष्ठी आहेत, परदेशी यवन आहेत, भिक्खुणी आहेत. आणि सामी नावाचा एक सुतार आहे, वेणुवासाचा मुलगा, गाव धेनुकाकट. सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या आहे, त्याच गावचा. नाव, धंदा, गाव, बापाचे नाव. आडनाव नाही! सुताराचे नाव भिंतीवर यायला तिथे कोणाची हरकत नव्हती. 'तुम्ही फार आहात, म्हणून नावे लिहिता येत नाहीत' असे त्या भिंतीने कोणाला सांगितले नाही. लेणी पाहायला जातो तेव्हा आपण चैत्याला वंदन करतो ते योग्यच आहे. पण मुलांना ही नावेही दाखवावीत.

आता एक बोचरी गोष्ट, माताभगिनींसाठी. कार्ल्याला भिक्खुणींची नावे आहेत, नाशिकच्या लेण्यात दक्षमित्रा या बाईचे दान कोरलेले आहे. पण कोरेगावच्या दगडावर एकाही बाईचे नाव नाही. लढाईत मेले ते पुरुष, हे खरे. पण त्या बावीस जणांच्या मागे किती बायका राहिल्या, किती आया राहिल्या? कोतवाल बुकातही बाई 'अमक्याची बायको' म्हणून येते. लग्नाआधीचे आडनाव लग्नात गळते, माहेरचे गाव म्हातारपणी गळते. आमच्याच घरात आमच्या पणजीचे नाव कोणाला सांगता येत नाही. ती जात्यावर ओव्या म्हणायची एवढे आठवते. त्या ओव्यांत भावांची नावे असायची. तिचे स्वतःचे नाव कोणी ओवीत घातले नाही. आमच्या आईला विचारायचे राहून गेले, आणि आता विचारायला आई नाही. ही चूक आमची आहे. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून लिहीत आहोत.

तेव्हा काय करायचे? एक वही घ्या, वीस रुपयांची चालेल. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. त्यांचे नाव, वडिलांचे, आजोबांचे, जेवढे मागे आठवेल तेवढे. आईचे नाव, तिचे माहेर, तिच्या आईचे माहेर. मूळ गाव, तालुका. कुळनाव. कोण पलटणीत होते, कोण गिरणीत, कोण बसऱ्याला गेले, कोण परत आले नाही. पेन्शनचे जुने पुस्तक, बिल्ला, पदक असेल तर त्यावरचा नंबर उतरवून घ्या. सुट्टीत गावी जाल तेव्हा चावडीच्या भिंतीला पाटी आहे का पाहा. आणि कोरेगावला १ जानेवारीला अवश्य जा, पण लाखोंच्या गर्दीत नावे वाचता येत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा साध्या दिवशीही मुलांना घेऊन जा आणि ती बावीस नावे मोठ्याने वाचा.

ते कुटुंब त्या दिवशी जेवूनच गेले. आठ दिवसांनी मुलाच्या वडिलांचा फोन आला. गावाकडे त्यांची आत्या आहे, ऐंशीच्या पुढची. मुलाने फोनवरून तिला विचारून चार पिढ्या लिहून काढल्या. पाचव्या पिढीला म्हातारी अडखळली, मग म्हणाली, "नाव आठवत नाही रे बाळा, पण नावाच्या शेवटी 'नाक' होतं एवढं नक्की."

मुलाने वहीत पाचव्या ओळीवर तेवढेच लिहिले आहे. पुढची जागा मोकळी ठेवून, शेवटी 'नाक'. बाईंनी ती वही वर्गात वाचून दाखवली.

मोकळी जागा भरेल किंवा न भरेल. तुमच्या घरच्या वहीत निदान पहिल्या चार ओळी तरी याच आठवड्यात भरा. म्हातारी माणसे थांबत नाहीत.

जयभीम!